बोंड्याची शाळा : पाच किलोच्या कुत्र्यासाठी ट्रेनर शोधला त्याच्या नोंदी

8 जून 2025, रविवार

मृग लागला पण पाऊस नाही, वखरणी होऊन वावर तयार पडलं आहे, दोन-चार दिवस रिकामे आहेत म्हणून हे लिहायला घेतो. आमच्या आर्वी तालुक्यात (वर्धा जिल्हा) कुत्रं म्हणजे वावरातलं, रानडुक्कर आलं की भुंकणारं, त्याला ट्रेनिंग बिनिंग कोणी देत नाही, ते आपलंआपलं शिकतं नाहीतर शिकत नाही. आमच्या घरी मार्चपासून जे आलं आहे ते म्हणजे 5 किलो 200 ग्रॅमचं, पांढरं, फुटलेल्या बोंडासारखं फुललेलं. बहिणीला पुण्याच्या फ्लॅटमध्ये जमेना म्हणून ती सोडून गेली. पुण्यात ठेवलेलं त्याचं नाव इंग्रजी होतं, आईच्या जिभेवर ते बसेना, आता नाव बोंड्या. वय दहा महिने. विकणाऱ्याने पामेरियन म्हणून विकला होता.

मागच्या महिन्यात तो शेजारच्या पोराच्या घोट्याला चावला. जखम एवढुशी, पण रक्त आलं. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं आणि बोंड्याची लस झालेली असूनही पोराला सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू केली. शेजारी भले माणसं, भांडले नाहीत. पण ते पोरगं आता आमच्या दारावरून जात नाही, लांबून फेरा मारून शाळेत जातं, ते माझ्या मनाला लागलं.

बाकी तक्रारी : आई अंगण झाडते तेव्हा खराट्यावर आणि तिच्या टाचेवर धावतो. संध्याकाळी ढोरं परतली की घसा बसेपर्यंत भुंकतो. देवघराच्या कोपऱ्यात मुततो. हाक मारली की उलट्या दिशेने पळतो.

आईचं म्हणणं, "काय गा बाप्पा, एवढंसं लेकरू, त्याले कायची शाळा!" खरं सांगायचं तर हेच आमचं पहिलं चुकलं. हीच गोष्ट तीस किलोच्या कुत्र्याने केली असती तर पहिल्याच दिवशी सगळे गंभीर झाले असते, याचं सगळे हसत होते. भुंकला की उचला, चावायला धावला की उचला, उचललं की वरून अजून गुरगुरतो, मग सगळे पुन्हा हसतात.

11 जून

सहा जणांना फोन केले. चौघांनी कुत्र्याची जात विचारली आणि सरळ रेट सांगितला. एकाने "पामेरियन? ते कायले शिकवता भाऊ" म्हणून फोन ठेवला. एकाने गॅरंटी दिली : आपल्याकडे ठेवून जायचं, पंधरा दिवसांत मिलिट्रीसारखा करून देतो, आठ हजार, अर्धे आधी. फार्महाऊसचे मोठे राखणीचे कुत्रे तयार करतो म्हणाला, व्हिडिओ पाठवले, शेफर्ड, रॉटवायलर, एका इशाऱ्यावर बसतात. मला ते फार आवडलं. पेरणीचे दिवस तोंडावर, मला वेळ नाही, याने नेऊन शिकवून आणून द्यावं, अजून काय पाहिजे. मी काहीच विचारलं नाही, ना शिकवण्याची पद्धत, ना मला पाहू देणार का ते. पुढे वाचाल तेव्हा शिव्या घाला.

15 जून, रविवार

सोडून आलो. 4000 ऑनलाइन टाकले. शेडमध्ये मोठमोठे कुत्रे, पिंजरे स्वच्छ होते, पंखे होते. त्याने बोंड्याच्या गळ्यात स्टीलची साखळी घातली, ओढली की आवळते ती. म्हटलं हा लहान आहे. तर म्हणे सगळ्यात लहान साइझ आहे. पोरगी परतीच्या वाटेवर बोलली नाही.

22 जून, रविवार

सात दिवसांत परत आणला. मी काही हुशारीने आणला नाही, पोरीने जेवण सोडलं होतं म्हणून न सांगता बघायला गेलो. बोंड्या कोपऱ्यात, मला पाहून उठला आणि खोकला लागला, असा खोकला की जसं बदक ओरडून राहिलं आहे. ट्रेनर म्हणाला नाटक करतो, अजून आठ दिवस ठेवा. "बैठ" म्हटल्यावर बसून दाखवलं खरं, पण बसताना कान मागे, शेपूट पोटात. पैसे परत मागितले नाहीत, मागायला पाहिजे होते.

घरी आल्यावर गंमत अशी की भुंकणं बंद. दोन दिवस एकदम शांत. शेजारी म्हणाले फरक पडला गड्या. तिसऱ्या दिवशी पोरीने डोक्यावरून हात फिरवायला नेला आणि न गुरगुरता थेट दात लावले. आधी निदान गुरगुरून सांगत तरी होता, तेही गेलं. चार हजार देऊन आपण कुत्र्याचं हॉर्न काढून आणलं आणि ब्रेक होते तसेच फेल.

25 जून

वर्ध्याला नेला, कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडे. आमचे तालुक्याचे सरकारी डॉक्टर चांगले आहेत पण त्यांचा दिवस गाई-बैलांत जातो, त्यांनीच सांगितलं की वर्ध्याला दाखव.

डॉक्टरांनी गळ्याला बोटाने हलकं दाबलं, लगेच तोच बदकाचा खोकला. म्हणाले अशा लहान जातींमध्ये श्वासनलिकेच्या कड्या नाजूक असतात, गळ्यावर झटके बसले की नळी दबते, यापुढे गळ्यात पट्टा फक्त नाव-नंबरच्या बिल्ल्यापुरता, दोरी छातीच्या पट्ट्यालाच. मग कान पाहिला. डाव्या कानात आत दोन गोचीड आणि सगळं लाल सुजलेलं. बैलांजवळ लोळतो त्याचं हे. म्हणजे पोरीचा हात डोक्याकडे गेला की दुखायचं. कदाचित मे महिन्यापासूनच दुखत असेल, आणि आम्ही म्हणून राहिलो होतो की डोक्यात हवा गेली. टिक फिव्हरसाठी (गोचिडीमुळे येणारा ताप) रक्त तपासलं, नव्हता. हेही कळलं की हा पामेरियन नाही, इंडियन स्पिट्झ आहे, आपल्याकडे सर्रास पामेरियन म्हणून हेच विकतात.

फी 300, रक्त 400, कानाचे थेंब 350. ट्रेनरला चार हजार देण्याआधी हे हजार-पन्नास खर्च करायला पाहिजे होते. कोणी विचारलं तर मी आता हेच सांगतो, कुत्रं अचानक चावायला लागलं असेल तर आधी कान, दात, पाय दाखवा, ट्रेनर नंतर.

29 जून

पाऊस आला, पेरणी आटोपली, कपाशी आणि तूर. छातीचा पट्टा ऑनलाइन मागवला होता, स्मॉल, 699. काखेत घासून दोन दिवसांत तिथले केस गेले. स्मॉल म्हणजे काय ते कंपनीच्या मनावर असतं, इंच पाहून घ्यायचं असतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजला, 15 इंच. गावात बैलांच्या झुली शिवणारा एक जण आहे, त्याला अरुंद नवार आणून दिली आणि जुन्या साडीचं अस्तर लावायला सांगितलं. नवार 60, शिलाई 80. घासत नाही. दोरी म्हणून नायलॉनची घेतली होती, हात सोलला, मग सुती बारीक दोर घेतला, पंधरा फूट.

5 जुलै

दुसरा ट्रेनर. या वेळी डेमो मागितला, 500 रुपये. बोलायला गोड, कपडे टापटीप, स्वतःचा लॅब्राडोर आणला होता, तो तर हात जोडून नमस्कार करायचा. आई खूश. मग बोंड्याला घेतलं. मानेचं कातडं धरलं आणि पाठीवर उलटा पाडून दाबून ठेवला, म्हणे याला कळलं पाहिजे मालक कोण, लांडग्यांच्या टोळीत असंच असतं. बोंड्या एक मिनिट धडपडला, मग ढिला पडला. "पाहा, शांत झाला." मला तो ढिला पडलेला पाहून जूनमधला कोपरा आठवला. उचलला, पाचशे दिले, चहा पाजून रवाना केलं. आई चिडली, नमस्कार करणाऱ्या कुत्र्याचा मालक तिला लय आवडला होता.

ट्रेनर व्हायला बोर्ड लावला की झालं. म्हणून आता मी फोनवर चार-पाच गोष्टी विचारतो. गळ्यात काय घालता? त्याने ऐकलं नाही तर पुढे काय करता? (उत्तर "ऐकणारच" असं आलं की फोन ठेवायचा.) दहा किलोखालची किती कुत्री शिकवली, त्यातल्या एखाद्या मालकाशी बोलू देता का? मी पूर्ण वेळ उभा राहून पाहू का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो मला काय विचारतो. जो डॉक्टरला दाखवलं का हे विचारत नाही तो आपल्या कामाचा नाही.

13 जुलै, रविवार

तिसरी ट्रेनर, वर्ध्याची एक ताई, आली. बाराशे एका वेळचे, पेट्रोल धरून. फोनवर तिने वीस मिनिटं मलाच प्रश्न विचारले होते, खाणं, झोप, कान, कोणाला चावला, कुठे, त्याआधी दोन सेकंद काय झालं. घरी आल्यावर बोंड्याकडे पाहिलंच नाही. ओसरीत जमिनीवर तिरपी बसली, पाठ अर्धी त्याच्याकडे, आणि आईशी पोळ्यांबद्दल बोलत बसली. मी मनात म्हटलं बाराशे रुपये पोळ्यांचे. चाळीस मिनिटांनी बोंड्या स्वतःहून जवळ गेला, तिने हात न लावता पनीरचा कण जमिनीवर टाकला. वरून वाकून हात नेला तर पाच किलोच्या जिवाला तो हात म्हणजे घारच वाटते, म्हणाली.

लांडग्याची गोष्ट मी मुद्दाम काढली. म्हणाली ते कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून आलं, आणि डेव्हिड मीच नावाच्या ज्या शास्त्रज्ञामुळे ते पसरलं त्यानेच 1999 मध्ये लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुतेक आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात. तेवढं सांगून कामाला लागली.

पोळ्यांच्या गप्पा का, ते नंतर कळलं. बोंड्याला दिवसाला साडेतीनशे कॅलरीच्या आसपास लागतं, आणि आई त्याला जेवताना तूप लावलेली एक अख्खी पोळी चारते, म्हणजे खुराकाचा तिसरा हिस्सा तिथेच संपला. पोट भरलेलं कुत्रं पनीरसाठी काम कशाला करेल. आमच्या घरात माळ आहे, अंडं-चिकन येत नाही, म्हणून बक्षीस पनीरचं ठरलं, मीठ न घालता, घरच्या गवळाऊ गाईच्या दुधाचं. दिवसाला दहा ग्रॅम, तुरीच्या दाण्याएवढे तुकडे. मनुका, कांदा, चॉकलेट बिलकुल नाही. आई प्रसादातले मनुके देत होती अधूनमधून, ऐकून तिचा चेहरा उतरला.

या पंधरवड्याचं काम दोनच : चार पाय जमिनीवर असतानाच लाड, आणि उचलायचंच झालं तर आधी "उचलू" म्हणायचं.

14 ते 20 जुलै

हा आठवडा फसला, पण मजेदार फसला.

ताईने सांगितलं होतं की बरोबर केलं त्याच क्षणी एक ठरलेला आवाज काढायचा आणि मग पनीर. तिच्याकडे टिकटिक करणारी डबी होती, पण तो आवाज बोंड्याला मोठा वाटला, पलंगाखाली गेला. मग मी जिभेने "च्यक" करायचं ठरवलं. दोन दिवस मस्त चाललं. तिसऱ्या दिवशी बंडीजवळ उभा राहून बोंड्याला च्यक केलं आणि जुंपलेले बैल निघाले. बंडीवर खताचे पोते, धरायला कोणी नाही, मी धावलो, बोंड्या भुंकत मागे, एक पोतं फुटलं. आपण आयुष्यभर बैलाला ज्या आवाजाने हाकलतो तोच आवाज कुत्र्याला शाबासकी म्हणून दिला. आता शब्द ठेवला "टिक". हा शब्द आमच्या घरात दुसऱ्या कशालाच लागत नाही.

तसंच "बस"चं झालं. मी "बस" म्हणायचो, बायको "सिट", पोरगी "बैस ना रे". आणि आई पंक्तीत वाढताना "बस झालं, बस बस" ऐकून राहिली की बोंड्या मधेच बसून पनीर मागतो. त्यात "बैठ" म्हटलं की तो जूनमधल्यासारखा शेपूट घालतो. ताईला व्हिडिओ कॉल केला (300 रुपये, आणि नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीजवळ जावं लागतं). ती म्हणाली सगळे जुने शब्द टाका, नवा घ्या. "टेक" ठेवला. भिंतीवर खडूने लिहून ठेवलं : टेक, ये, जागेवर, उचलू, टिक. आई म्हणाली आता मलेच पाटी-लेखणी आणून दे.

27 जुलै

मुतण्याचा हिशोब. ताईने वहीत वेळ लिहायला लावली. आठ दिवसांत दिसलं की झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आणि खेळ झाला की. लहान कुत्र्याची पिशवीच लहान, दर दोन तासांनी बाहेर न्या म्हणाली. देवघराचा कोपरा फिनाइलने पुसत होतो, त्याने काहीच होत नव्हतं, त्याच्या नाकाला खालचा वास लागतच होता. तो वास मोडणारं लिक्विड घ्यायचं तर आर्वीत मिळालं नाही, सध्या व्हिनेगर-पाणी आणि तिथे त्याची वाटी ठेवली, खातो तिथे घाण करत नाही. बाहेर केलं की "टिक" आणि पनीर तिथेच, घरात येऊन नाही. ही चूक मी चार दिवस केली, त्याला वाटलं घरात आल्याचं पनीर मिळतं, म्हणून अर्धवट करून पळत आत यायचा आणि उरलेलं आत.

एक अडचण आमच्याकडची खास. सकाळी आई शेणाचा सडा टाकते आणि ओल्या सड्याचा वास आला की हा तिथेच पाय वर करतो. आईशी याबाबत समझोता झालेला नाही.

3 ऑगस्ट

ताईची दुसरी फेरी. ढोरांवर भुंकण्याचं काम सुरू. पद्धत सोपी आहे, पेशन्स लागतो. ढोरं दिसतील पण तो भुंकणार नाही एवढ्या लांब उभं राहायचं. आमचं अंतर निघालं चाळीस पावलं. ढोरं दिसली, त्याने पाहिलं, "टिक", पनीर. ढोरं गेली, पनीर बंद. मला वाटलं भुंकणाऱ्याला पनीर म्हणजे लाच आहे. ताई म्हणाली, दादा, भुंकल्यावर देऊन राहिलो का आपण, दिसल्यावर देऊन राहिलो. दिसणं आणि पनीर त्याच्या डोक्यात जोडायचं आहे, आज भीती जोडलेली आहे.

"ये"चंही तिने पकडलं. आम्ही "बोंड्या ये" म्हणून बोलवायचो आणि आंघोळ घालायचो, गोचीड काढायचो, कानात थेंब टाकायचो. कोण येईल? आता थेंबासाठी न बोलता जाऊन उचलतो ("उचलू" म्हणून), आणि "ये" म्हटलं की दहापैकी दहा वेळा पनीर.

10 ऑगस्ट

मोठेबाबा आले होते. पंचाहत्तरीचे, तरुणपणी शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) जोडी पळवायचे, 2014 ला कोर्टाने पट बंद केले तेव्हा आठवडाभर नीट जेवले नव्हते. कुत्र्याला पनीर देऊन राहिलो हे पाहून हसतील असं वाटलं होतं. ते बाजेवर बसून पाऊण तास पाहत होते. मग म्हणाले, "तू लय वेळ घेतं त्याचा."

मी वीस-वीस मिनिटं घेत होतो. म्हणाले, "गोऱ्हा वाहीवर घालतो तवा एका दिवसात वावर नाही वखरत. एक तास सीधा गेला का जू काढाचं. अजून जाव वाटते तवाच सोडाचं, म्हंजे दुसऱ्या दिवशी सोताहून मान देते." तास म्हणजे घड्याळातला नाही, वखराचं तास, या धुऱ्यापासून (बांधापासून) त्या धुऱ्यापर्यंत.

ताईला फोनवर सांगितलं तर तिने दोनदा म्हणायला लावलं. तीन मिनिटं, दिवसातून पाच वेळा, असं केलं. फरक चार दिवसांत दिसला. तुतारीबद्दल (बैलाला टोचायची काठी) मात्र त्यांचं मत वेगळं आहे, तिथे आमचं जमत नाही, पण सीधा चालणाऱ्या गोऱ्ह्याला त्यांनी कधी टोचलं नाही हे मीही पाहिलं आहे.

22 आणि 23 ऑगस्ट, पोळा आणि तान्हा पोळा

पोळ्याची तयारी दहा दिवस आधीपासून केली. घुंगरमाळेचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावायचा, पनीर, रोज थोडा मोठा. मग खरी माळ मागच्या खोलीत पोरीने हलवायची, मग अंगणात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली झडत्या (पोळ्याची गाणी), ढोल, सगळं गावात चाललं होतं तेव्हा बोंड्या मधल्या खोलीत बारदान्यावर, पंखा सुरू, बायको जवळ. बैल पूजेला दारात आले तेव्हा दोन वेळा भुंकला, तिच्याकडे पाहिलं, पनीर घेतलं. मी बाहेर बोजारा (पोळ्याची ओवाळणी) देत होतो आणि लक्ष सगळं आत. इतका आनंद झाला की पुरणपोळी चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं पाण्यात. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा मागायला येतात हे मी विसरलोच, विसरलो कसा माहीत नाही, दर वर्षी येतात. पंचवीस-तीस पोट्टे एकदम दारात, चाकांचा खडखडाट, आरडाओरडा, पोरगी उत्साहाने दार उघडून बाहेर आणि तिच्या पायामधून बोंड्या. एक बारकं पोरगं पळालं, पळणारा पाय म्हणजे याला आमंत्रणच. टाच चुकली, नंदीची दोरी दातात आली, नंदी उलटा, शिंग तुटलं. पोराला लागलं नाही, पण रडून गाव गोळा केलं. शिंग फेविकॉलने चिकटवून दिलं आणि वरून पन्नास रुपये बोजारा.

मोठ्या आवाजाची तयारी केली, पळणाऱ्या पायाची केलीच नाही. आणि उघडं दार. ट्रेनिंगने सगळं होत नाही, काही गोष्टी बांबूने होतात : बुरडाकडून अडीच फुटाची ताटी करून घेतली, 250 रुपये, ओसरीच्या दाराला लावली. ही पहिल्या दिवशीच पाहिजे होती.

31 ऑगस्ट

ताईची तिसरी फेरी. ढोरांचं अंतर पंचवीस पावलांवर आलं होतं, तान्ह्या पोळ्यानंतर परत पस्तीस. ती म्हणाली होतं असं, जिथे जमतं तिथून धरा. मध्ये कपाशीची फवारणी होती, माझे आठ दिवस गेले, फक्त पोरीने केलं. फवारणीच्या दिवसांत त्याला वावरात अजिबात नेत नाही, पाय चाटतो तो.

14 सप्टेंबर

खराटा. "जागेवर" म्हणजे घडी केलेल्या बारदान्यावर बसणं. आधी बारदान्यावर पाय पडला की पनीर, मग तीन सेकंद, मग दहा. मी घाई करून दहावरून सरळ दोन मिनिटांवर गेलो आणि त्याने बारदानाच फाडला. परत दहा, पंधरा, वीस. खराटा आधी नुसता भिंतीला टेकवलेला, मग आईने हातात धरलेला, मग एक फटकारा, मग दोन. हे सगळं आईने केलं, मी नाही. काम निघालं तेव्हा तिनेच डोकं लावलं : झाडायच्या आधी बारदान्यावर मूठभर सालं काढलेले फुटाणे पसरवते, तो वेचत बसतो तोवर अंगण होतं. फुटाणे त्याच्या खाण्यातून कमी करते. पोळी आता चतकोर, तीही ताटलीत, ताटातून नाही. (मी पाहत नसताना देते, मला माहीत आहे, वजन 5 किलो 400 झालं आहे.)

5 ऑक्टोबर

चौथी फेरी, सध्या शेवटची. शेजारचं पोरगं आलं, त्याच्या आईला विचारून. ताटीच्या पलीकडे उभं राहिलं, पळायचं नाही, टक लावून पाहायचं नाही, पनीर जमिनीवर टाकायचं. तिसऱ्या दिवशी बोंड्याने शेपूट हलवली. पोराने विचारलं, काका, आता चावणार नाही ना. मी "नाही" म्हणालो नाही. ताटीच्या या बाजूला मी असल्याशिवाय यायचं नाही, असं सांगितलं.

खर्च मोजला. पहिला ट्रेनर 4000, डेमो 500, डॉक्टर 1050, ऑनलाइन पट्टा 699, शिवलेला पट्टा 140, ताटी 250, ताईच्या चार फेऱ्या 4800, चार व्हिडिओ कॉल 1200. एकूण 12,639. त्यातले 5199 सरळ पाण्यात, आणि पहिल्या सात दिवसांनी जे बिघडवलं ते निस्तरायला गेलेला महिना वेगळा. पनीरचं दूध डेअरीला गेलं नाही ते बायको मोजते, मी मोजत नाही.

19 ऑक्टोबर, रविवार

दिवाळी दोन दिवसांवर. फटाक्यांचे आवाज महिनाभर मोबाइलवर लावले, लवंगी चालते, सुतळी बॉम्ब चालत नाही, त्या रात्री मधली खोली, पंखा आणि टीव्ही मोठ्याने, जबरदस्ती बाहेर नेणार नाही.

आज पहिली वेचणी. संध्याकाळी बारा बाया गाठोडे घेऊन अंगणात, काटा टांगलेला, मी वजन लिहून राहिलो होतो आणि ताटी कोणीतरी उघडी ठेवली. पाहतो तर बोंड्या कापसाच्या ढिगाशेजारी उभा, दोरी नाही, बाया बारा, पाय चोवीस. एक बाई मोठ्याने म्हणाली, "अवो माय, ढीगच चालून राह्यला!" तो दोनदा भुंकला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशात पनीर नव्हतं. एक फुटाणा सापडला, तो "टिक" म्हणून दिला. त्याने तोंडात घेतला, थुंकला आणि बारदान्यावर जाऊन बसला.

ढोरांचं अंतर सध्या बारा पावलं. सिलेंडरच्या गाडीवर भुंकतो त्याचं काम अजून सुरूच केलेलं नाही.